पिवळा दिवा लागत नव्हता : एका ईसीयू बदलाच्या नोंदी

२ फेब्रुवारी

गाडी ताईची. २००१ सालची, चार सिलिंडर, १.६ लिटर पेट्रोल, मल्टिपॉइंट इंजेक्शन. आज माझ्याकडे आली. तक्रार एका ओळीत सांगायची तर, गरम झाली की बंद पडते आणि तासाभराने काही झालंच नाही अशा थाटात चालू होते.

गेल्या चार महिन्यांत एका गॅरेजात क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ओळखणारा), प्लग आणि फ्युएल पंप बदलून झालेत. प्रत्येक वेळी "आता येणार नाही प्रॉब्लेम" असं सांगितलं गेलं आणि प्रत्येक वेळी आठवडाभरात गाडी रस्त्याच्या कडेला. गॅरेजवाल्यांचा अंदाज अगदीच हवेत नव्हता. गरम झाल्यावर बंद पडणाऱ्या गाडीत क्रँक सेन्सर हा नेहमीचा आरोपी असतो. पण एकदा तो बदलूनही तेच होत असेल तर थांबून विचार करायला हवा होता.

ताईने फोनवर टिपणं ठेवली आहेत. किती मिनिटांनी बंद पडली, किती वेळाने चालू झाली, एसी चालू होता की बंद. एकूण नऊ वेळा. सगळ्या २५ ते ४० मिनिटांच्या दरम्यान. आणि तिसऱ्या नोंदीत तिने लिहिलंय, "सेल्फ जोरात फिरतो पण पिवळा इंजिनचा दिवा लागत नाही."

मी विचारलं, "हे गॅरेजात सांगितलंस का?"

"सांगितलं ना. ते म्हणाले, दिवा लागत नाही म्हणजे चांगलंच आहे, फॉल्ट नाहीये."

तो दिवा किल्ली ऑन केल्यावर इंजिन चालू व्हायच्या आधी लागायलाच हवा. ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा कंप्युटर, जागा झाला की सगळ्यात आधी तोच दिवा लावतो. दिवा लागत नाही म्हणजे एकतर बल्ब गेलाय, नाहीतर ईसीयू झोपलेला आहे. थंड असताना तोच बल्ब लागतो, म्हणजे बल्ब ठीक.

तरी ईसीयूवर आळ शेवटी घ्यायचा, हा माझा नियम आहे. बदललेल्या ईसीयूंपैकी कितीतरी मुळात धडधाकट असतात आणि दोष कुठल्यातरी गंजलेल्या अर्थमध्ये, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणाऱ्या जोडणीत निघतो, हे मी स्वतःच्या हाताने दोनदा करून शिकलोय.

५ फेब्रुवारी

थंड गाडीला स्कॅनर लावला. ही गाडी के-लाइनवर बोलते, सोळा पिनांच्या सॉकेटची सात नंबरची पिन. या जुन्या पद्धतीत स्कॅनर आधी ५ बॉडच्या वेगाने पत्ता पाठवतो, म्हणजे सेकंदाला पाच बिट. सुरुवातीचा आणि शेवटचा बिट धरून दहा बिट, म्हणजे नुसती हाक मारायलाच दोन सेकंद जातात. ईसीयूने ओ दिली की मग १०,४०० बॉडवर गप्पा सुरू. नवीन गाड्यांची सवय झालेल्या माणसाला वाटतं स्कॅनर हँग झाला.

बिघाडाचे दोन कोड मिळाले. पी०५०५, आयडल (अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरतं तो वेग) कंट्रोलमध्ये बिघाड. पी०६०१, ईसीयूच्या स्वतःच्या मेमरीची बेरीज जुळत नाही. दुसरा कोड बघून हात शिवशिवले, पण व्होल्टेज मधेच पडलं तरी असे कोड बसू शकतात. दोन्ही लिहून घेतले, मग पुसले.

गाडी जागेवरच चालू ठेवली. आयडलिंग १,३०० वर अडकलेलं, खाली येतच नाही. ताई म्हणाली, "ते तर वर्षभर असंच आहे. मला वाटलं वय झालं गाडीचं." एकतिसाव्या मिनिटाला बंद. झटके नाहीत, मिसिंग नाही, दिव्याचं बटण दाबल्यासारखी. टॅकोमीटरचा काटा इंजिन थांबायच्या आधीच शून्यावर. पेट्रोल संपत आलं असतं तर गाडी आचके देत गेली असती. हे करंट गेल्यासारखं.

लगेच किल्ली ऑन. पिवळा दिवा नाही. पंपाची ती दोन सेकंदांची घरघर नाही. स्कॅनरने हाक मारली, उत्तर नाही. सेल्फ मारताना क्रँक सेन्सरच्या वायरवर मीटर एसीवर ठेवला, १.१ व्होल्ट. सेन्सर बोलतोय, ऐकणारा नाही.

८ फेब्रुवारी

आजचा दिवस फक्त पॉझिटिव्ह आणि अर्थचा.

ईसीयूला मेला म्हणण्याआधी त्याला खायला मिळतंय का ते बघायचं. आणि ते लोड देऊन बघायचं. नुसत्या मीटरने बघितलं तर एका तारेच्या जिवावर लटकलेली वायरसुद्धा ऐटीत १२.५ व्होल्ट दाखवते. म्हणून मी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब वापरतो. तो पावणेदोन अँपिअर ओढतो. वायर कुजलेली असेल तर बल्ब मिणमिणतो, आणि मग मीटरची गरजच राहत नाही.

ईसीयू ग्लोव्ह बॉक्सच्या मागे. ग्लोव्ह बॉक्स काढताना उजवीकडची प्लॅस्टिकची क्लिप तुटली. वीस-बावीस वर्षांचं प्लॅस्टिक, बिस्किटासारखं.

कायमची बॅटरी लाइन : बल्ब लख्ख. किल्लीची लाइन : लख्ख. अर्थच्या पिना तीन. बॅटरीच्या निगेटिव्हपासून त्या पिनांपर्यंत सेल्फ मारताना किती व्होल्ट पडतात ते बघितलं. ०.३४. हे जास्त आहे, ०.१ च्या आत हवं. इंजिन ब्लॉकवरचा बोल्ट खोलला तर रिंग टर्मिनलखाली पांढरट गंज. घासून चकचकीत केला, वरून ग्रीस लावलं. परत मोजलं : ०.०४.

थोडी आशा होती की सगळं इथेच मिटेल. गाडी परत गरम केली. अठ्ठाविसाव्या मिनिटाला बंद.

आता मेलेल्या अवस्थेत तीच मापं पुन्हा. कायमची लाइन १२.५. किल्लीची १२.४. अर्थ उत्तम. या गाडीत मेन रिले, म्हणजे ईसीयूला मुख्य पॉवर जोडणारा स्विच, ईसीयू स्वतः ओढतो. म्हणजे रिलेच्या कॉइलला एका बाजूने प्लस कायम असतो आणि दुसरी बाजू ईसीयू आतून अर्थ करतो. ती बाजू अर्थ होतच नव्हती. रिले काढून सॉकेटमध्ये जंपर टाकला आणि ईसीयूला जबरदस्तीने पॉवर दिली. तरी दिवा नाही, पंप नाही, इंजेक्टरच्या कपलरला लावलेला टेस्ट बल्ब सेल्फ मारताना एकदाही लुकलुकला नाही.

एक शेवटची सुटका ईसीयूला द्यायची होती : पाच व्होल्ट. थ्रॉटल आणि मॅप (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतला दाब मोजणाऱ्या) सेन्सरला ईसीयू पाच व्होल्ट पुरवतो. एखादा सेन्सर आत शॉर्ट झाला तर ती लाइन खाली ओढली जाते आणि काही गाड्यांत अख्खा ईसीयू बेशुद्ध पडतो. मोजलं तर १.८ व्होल्ट. थ्रॉटल सेन्सर काढला, १.८. मॅप सेन्सर काढला, तरी १.८. बाहेर कोणी खेचत नाहीये. आतच उगम आटलाय.

आज लिहायला हरकत नाही. ईसीयू.

१३ फेब्रुवारी

बॅटरीचं निगेटिव्ह काढून पंधरा मिनिटं थांबलो, मगच कपलरची दांडी उचलली. ५५ पिनांचा कपलर आहे, तो सरळ ओढायचा नाही. दांडी फिरवली की तो स्वतःच बाहेर सरकतो. पिना भिंगातून बघितल्या. हिरवट काही नाही, वाकलेलं काही नाही.

अॅल्युमिनियमचं झाकण काळ्या रबरी सीलंटने चिकटवलेलं. हेअर ड्रायरने कडा गरम करून प्लॅस्टिकच्या पट्टीने हळूहळू सोडवलं. झाकण उघडताच वास आला. शिळ्या मासळीचा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर फुटला की येणारा वास एकदा नाकात बसला की विसरत नाही.

बोर्डचा एक कोपरा सोडला तर सगळं नव्यासारखं. त्या कोपऱ्यात पाच व्होल्टचा रेग्युलेटर, त्याच्या शेजारी दोन कपॅसिटर, आणि बोटभर अंतरावर आयडल स्टेपरची (आयडलिंगची हवा कमीजास्त करणाऱ्या व्हॉल्व्हच्या मोटरची) ड्रायव्हर आयसी. मोठ्या कपॅसिटरच्या बुडाशी तेलकट तपकिरी डाग, आणि त्याखालून जाणारा तांब्याचा ट्रॅक काळा पडून, मधे शेवाळासारखा हिरवा झालेला. आयसीच्या पाठीवर तांदळाच्या दाण्याएवढा फोड.

इथे एक गोष्ट मला खटकली. कपॅसिटर म्हातारा झाला की त्याचा ईएसआर, म्हणजे आतला रोध वाढतो, आणि तो थंडीत जास्त वाढतो. म्हणजे फक्त कपॅसिटर दोषी असता तर गाडीने सकाळी थंड असताना रडायला हवं होतं. ही तर उलटं करतेय. तेव्हा ईसीयू टेबलवर चालवून बघायचं ठरवलं.

बेंच सप्लायला २ अँपिअरची मर्यादा लावली. दोन प्लस, तीन अर्थ, आणि पिवळ्या दिव्याच्या पिनेला एक छोटा डॅशबोर्डचा बल्ब. हाच आता माझा ईसीजी. सप्लाय चालू केला, बल्ब लागला, ०.२८ अँपिअर. थर्मोकपल (तापमान मोजणारी वायर) रेग्युलेटरच्या शेजारी चिकटवला आणि हेअर ड्रायर धरला. ४०, ५०, ६०. ६७ अंशांना बल्ब विझला. करंट ०.०६ वर.

मग फ्रीझ स्प्रेची बारीक नळी. आधी प्रोसेसरवर एक फवारा : काही नाही. मेमरीवर : काही नाही. कुजलेल्या ट्रॅकवर अर्धा सेकंद, आणि बल्ब लागला. पुन्हा गरम केलं, विझला. पुन्हा फवारा, लागला. चार वेळा केलं. तिसऱ्या वेळी ताईला बोलावून दाखवलं.

"म्हणजे हा दिवा माझ्या गाडीत लागत नव्हता, तोच हा?"

"तोच."

"मी सांगत होते."

कपॅसिटरमधून पाझरलेल्या द्रवाने ट्रॅक खाल्लाय. केसाएवढी चीर आहे. थंड असताना दोन टोकं टेकतात, बोर्ड तापून फुगला की सुटतात. रेग्युलेटर पाच व्होल्ट देतोय, ते पुढे पोचत नाहीत.

१४ फेब्रुवारी

दोन्ही कपॅसिटर काढले, जागा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने धुतली, चिरलेल्या ट्रॅकवर इन्सुलेटेड वायरचा पूल टाकला. टेबलवर ८० अंशांपर्यंत नेला, दोन तास बल्ब हलला नाही.

मग ईसीयू बदलायचा कशाला? दोन कारणं. एक, स्टेपर ड्रायव्हरच्या चार आउटपुटपैकी तीन अर्थला मोजले तर किलोओहममध्ये, चौथा ४ ओहम. आतून गेलाय. आयसीवर छापलेला नंबर कंपनीचा घरगुती, बाजारात त्या नंबरने काही मिळत नाही. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. तो द्रव एका भोकातून बोर्डच्या आतल्या थरात उतरलाय. वरचा ट्रॅक मला दिसतो, आतला दिसत नाही. ताईला रात्री हायवेवर पाठवायची ती गाडी मी अशा बोर्डवर पाठवणार नाही. दुसरा, त्याच नंबरचा वापरलेला ईसीयू शोधायचा.

पण त्याआधी या फोड आलेल्या आयसीचा जाब विचारायचा होता. ड्रायव्हर सहसा आपणहून जळत नाही, त्याला कोणीतरी जाळतं. आयडल व्हॉल्व्ह काढला. चार वायरी, दोन कॉइल. पहिली ५२ ओहम. दुसरी ११.

हिशोब सोपा आहे. १४ व्होल्टला ५२ ओहमची कॉइल पाव अँपिअरच्या आसपास ओढते. ११ ओहमची सव्वा. म्हणजे वर्षभर ती आयसी पाचपट करंट सोसत, स्वतः तापत, शेजारच्या कपॅसिटरला भाजत बसली. १०५ अंशांना २,००० तास अशी रेटिंग असलेला कपॅसिटर ढोबळ नियमाने दर दहा अंश कमी केल्यावर दुप्पट जगतो. ६५ अंशांना ठेवला तर ३२,००० तास, ८५ ला ८,०००. वर्षाला ५०० तास गाडी चालत असेल तर एक ६४ वर्षं आणि दुसरा १६. हा कपॅसिटर आयसीमुळेच फुटला हे मी शपथेवर सांगणार नाही, पण आयडलिंग १,३०० ला अडकल्यानंतर काही महिन्यांनी गाडी बंद पडायला लागली हा क्रम मला पुरेसा वाटतो.

कोणी या व्हॉल्व्हकडे न बघता नवा ईसीयू लावला असता तर तोही जळाला असता. मग "वापरलेले ईसीयू टिकत नाहीत" हा निष्कर्ष तयार.

म्हणून आज ईसीयू ज्याला ज्याला करंट देतो ते सगळं मोजून काढलं. इंजेक्टर १४.१ ते १४.३ ओहम, चौघेही भाऊ-भाऊ. इग्निशन कॉइलची प्रायमरी ०.६. कॅनिस्टर व्हॉल्व्ह २६. मेन रिलेची कॉइल ८८. लॅम्डाचा (सायलेन्सरच्या पाइपातल्या ऑक्सिजन सेन्सरचा) हीटर ५. कोणाचाही शॉर्ट बॉडीला नाही. अल्टरनेटर गाडी चालू असतानाच ५ तारखेला बघितला होता, १४.१ व्होल्ट, एसी रिपल ०.०३. हा निर्दोष.

नवा आयडल व्हॉल्व्ह मागवला.

२० फेब्रुवारी

वापरलेला ईसीयू आला. नंबर सगळा तोच, फक्त शेवटचं अक्षर वेगळं. विकणाऱ्याचं म्हणणं, "एका अक्षराने काय होतंय?" त्या एका अक्षराने हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा आहे. लावला तर इंजिन चालूही होईल बहुतेक, पण नसलेल्या गिअरबॉक्सची वाट बघत बसेल आणि कोड टाकत राहील. परत पाठवला.

२७ फेब्रुवारी

दुसऱ्याकडून बरोबर मिळाला. हार्डवेअर नंबर, सॉफ्टवेअर नंबर, शेवटचं अक्षर, तिन्ही जुळतात.

लावण्याआधी उघडला. आतून स्वच्छ, वास नाही. पण हाही त्याच वयाचा, त्याच कपॅसिटरचा. तेव्हा तेच दोन कपॅसिटर यातले काढून नवे लावले, १०५ अंशांचे, लो ईएसआर. काढलेल्यांपैकी एकाच्या बुडाशी सुरुवातीचा ओलावा दिसत होता. वर्ष-दोन वर्षांत हाही त्याच वाटेने गेला असता.

सोल्डर मारण्याआधी संरक्षक कोटिंग खरवडायला वेळ लागतो, आणि ते न करता इस्त्री टेकवली तर नुसता धूर होतो, टिन धरत नाही. नंतर पुन्हा पातळ कोटिंग दिलं.

टेबलवर तोच बल्ब, तोच ड्रायर. ८० अंश, तासभर. बल्ब स्थिर.

२८ फेब्रुवारी

आज इमोबिलायझर, म्हणजे ओळखीची किल्ली नसेल तर इंजिन चालू न देणारी यंत्रणा. आणि आज मी शेण खाल्लं.

या गाडीत किल्लीतल्या चिपची ओळख ईसीयूच्या आठ पायांच्या छोट्या मेमरीत असते, ९३सी५६. एकूण २,०४८ बिट, म्हणजे २५६ बाइट. जुन्याची ओळख नव्यात गेली की गाडीला वाटतं जुनाच ईसीयू आहे, किल्ल्या तशाच चालतात.

बोर्डवर असतानाच क्लिप लावून वाचायचा मोह टाळला. क्लिपमधून गेलेला करंट बोर्डवरच्या प्रोसेसरलाही अर्धवट जागं करतो, मग तोही मेमरीशी बोलायला लागतो आणि वाचलेलं काहीच्या काही येतं. दोन्ही आयसी हॉट एअरने उचलल्या. पहिल्या पायाकडच्या ठिपक्याला आधीच मार्करने खूण केली होती.

जुनी तीनदा वाचली, तिन्ही फाइल एकसारख्या. दानातली, म्हणजे वापरलेल्या ईसीयूतली, तीनदा वाचली, ती बाजूला जपून ठेवली. मग जुन्याची फाइल दानातल्या आयसीत लिहिली. व्हेरिफाय ओके. परत सोल्डर केली.

गाडीत तात्पुरता जोडला, आयडल व्हॉल्व्ह नवा. किल्ली ऑन. पिवळा दिवा लागला! रिले टकटकला, पंप घरघरला. सेल्फ मारला, इंजिन धरलं, आणि एका सेकंदात बंद. पुन्हा तेच. किल्लीचा छोटा दिवा भराभर मिचकावतोय. इमोबिलायझर म्हणतोय, मी तुला ओळखत नाही.

दोन तास डोकं खाजवलं. किल्लीच्या भोवतीची अँटेना बघितली, वायरिंग बघितली. काहीही नाही. शेवटी आयसी परत काढून वाचली आणि दोन्ही फाइल शेजारी ठेवल्या. जिथे १७ ८२ हवं तिथे ८२ १७. पूर्ण फाइलभर प्रत्येक जोडी उलटी.

कारण सहा नंबरचा पाय. ९३ मालिकेच्या या आयसीत तो पाय ठरवतो की मेमरी आठ-आठ बिटांनी वाचायची की सोळा-सोळा. वाचताना माझा प्रोग्रॅमर आठवर होता. मधे चहाला उठलो, सॉफ्टवेअर बंद करून परत उघडलं आणि लिहिताना तो सोळावर. व्हेरिफाय ओके आलं कारण त्याने सोळानेच लिहिलं आणि सोळानेच तपासलं. स्वतःच पेपर लिहून स्वतःच तपासल्यावर शंभर टक्के मिळणारच.

आठवर ठेवून पुन्हा लिहिली. पुन्हा आठवर वाचून मूळ फाइलशी ताडली. सोल्डर. चौथ्यांदा गरम झालेले ते पॅड आता सुटतात की काय अशी धाकधूक होती, पण टिकले. सरळ जुनी आयसीच उचलून नव्या बोर्डवर बसवली असती तर ही सगळी कसरत वाचली असती. जुनी हात न लावता शिल्लक असावी म्हणून तसं केलं नाही, आणि आज तीच शिल्लक फाइल कामाला आली, एवढंच समाधान.

रात्री साडेदहाला किल्ली फिरवली. किल्लीचा दिवा एकदा लागून विझला. इंजिन चालू झालं आणि चालूच राहिलं.

१ मार्च

झाकण नव्या सीलंटने बंद केलं, ईसीयू जागेवर स्क्रूने बसवला. ग्लोव्ह बॉक्स सध्या तीन क्लिपांवर.

आयडल शिकवायचा विधी : किल्ली ऑन, अॅक्सिलरेटरला पाय न लावता थोडं थांबायचं. तेवढ्यात स्टेपर पूर्ण बंद होईपर्यंत जातो आणि तिथून पावलं मोजत उघडतो. मग इंजिन चालू करून सगळं लोड बंद ठेवून फॅन एकदा फिरेपर्यंत सोडून द्यायचं. पहिली पाच मिनिटं आयडलिंग वरखाली होत होतं, ९५०, ७८०, ९००. नंतर ८५० ला जे बसलं ते बसलंच. वर्षभरानंतर ही गाडी गप्प उभी राहिलेली बघतोय.

लॅम्डा ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मधे झोके घेतोय. लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोलमध्ये करतो ती दुरुस्ती) मात्र वर चढत अधिक ९ टक्क्यांवर गेला. म्हणजे कुठूनतरी जास्तीची हवा येतेय आणि ईसीयू पेट्रोल वाढवून सांभाळून घेतोय. व्हॉल्व्ह बदलताना मी ज्या रबरी नळीला वाकवलं होतं तिच्याच वळणावर चीर. माझ्यामुळेच गेली असणार. नळी बदलली, ट्रिम पुसून परत शिकू दिला.

४५ मिनिटं जागेवर, मग तासभर बाहेर. ईसीयूच्या झाकणावर थर्मोकपल चिकटवून, वायर ग्लोव्ह बॉक्सच्या फटीतून. सर्वात जास्त ५१ अंश. बंद पडली नाही.

९ मार्च

आठवड्यात ४२० किलोमीटर. सगळे मॉनिटर (ईसीयूच्या स्वतःच्या तपासण्या) पूर्ण, कोड नाही. फ्युएल ट्रिम अधिक २. ताईला सांगितलं होतं की मुद्दाम एसी लावून ट्रॅफिकमध्ये अडक. ती म्हणाली त्यासाठी मुद्दाम काही करावं लागत नाही.

जुना ईसीयू, वायरचा पूल टाकलेला, डबीत ठेवलाय. सोबत कागद : कोणत्या गाडीचा, काय बिघाड, स्टेपरचा एक आउटपुट मेलेला. मेमरीच्या फाइल दोन ठिकाणी, आणि फाइलच्या नावातच "आठ बिट" लिहिलंय.

२३ मार्च

ताईचा फोन. छातीत धस्स झालं.

"गाडी मस्त चाललीये रे. रोज किल्ली फिरवली की आधी दिवाच बघते, लागतो. पण ते ग्लोव्ह बॉक्सचं दार खड्ड्यात खुळखुळतं, ते कधी करतोयस?"

क्लिप मिळत नाहीये. रविवारी जाऊन डबल टेप लावतो.